प्राणवायू आणि अंगारवायू

बडोद्याच्या मराठी घरांत कार्बन डायऑक्साइडला दोन नावे भेटतात. गुजराती शाळेतून आलेले ‘अंगारवायु’ आणि जुन्या मराठी पुस्तकांतले ‘कर्बद्विप्राणिल’. ऑक्सिजन मात्र दोन्ही भाषांत प्राणवायूच.

शास्त्र आपल्या भाषेतून शिकता येते, हा विश्वास याच नगरीत संस्थारूपाने उभा राहिला. १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन स्थापले आणि त्याची धुरा रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे सोपवली. कारागिराच्या मुलाचे शिक्षण इंग्रजीवाचून अडू नये, हा गज्जरांचा आग्रह होता. पुढे १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ झाले आणि कलाभवनाचा वारसा त्याच्या तंत्रविद्या शाखेकडे आला.

देशी शब्द तोकडे पडतात, असा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे. त्याचे उत्तर या दोन नावांतच सापडते. लव्हाझियेने ऑक्सिजनला ‘आम्लजनक’ या अर्थाचे नाव दिले. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, हा त्याचा समज पुढे खोटा ठरला. आपल्याकडे योग आणि आयुर्वेदातला ‘प्राण’ या वायूला चिकटला, आणि काळाने तो अधिकच सार्थ ठरवला.

पृथ्वीच्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के प्राणवायू आहे. तो आरंभी मोकळा नव्हता. सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो सोडला आणि सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साठू लागला. म्हणजे प्राण्यांना जगवणारा हा वायू मुळात जीवांनीच दिलेला. शेजारच्या मंगळावर सुमारे ९५ टक्के आणि शुक्रावर ९६ टक्क्यांहून अधिक कार्बन डायऑक्साइड आहे. मंगळाची हवा अगदी विरळ, म्हणून तो गारठलेला. शुक्राची मात्र इतकी दाट, की उष्णता कोंडून तिथली जमीन सुमारे ४६० अंश सेल्सियस तापते; शिसेही वितळेल. गुजरातीतला ‘अंगार’ तिथे अक्षरशः खरा होतो.

दूरच्या ताऱ्यांभोवतालच्या ग्रहांवर जीवन शोधताना शास्त्रज्ञ तिथल्या प्रकाशात प्राणवायूच्या खुणा पाहतात. एवढ्याने जीवन सिद्ध होत नाही, पण संशय घेण्याइतका पुरावा मिळतो.

दोन भाषांच्या घरातल्या मुलाला यातली एक भाषा टाकायला सांगू नये. एका नावाने त्याला पृथ्वी कळते, दुसऱ्याने शुक्र.