एक आदेश आणि चोविसावी रेजिमेंट

२६ जुलै १९४८ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी स्वाक्षरी केलेला क्रमांक ९९८१चा आदेश हा अमेरिकन सैन्यदलांतील वर्णभेद संपविणारा आदेश म्हणून इतिहासात ओळखला जातो. मूळ मसुदा वाचणाऱ्याला मात्र थोडे आश्चर्य वाटते. पृथक्करण हा शब्द त्यात नाही. ते बंद करावे, असेही त्यात कोठे म्हटलेले नाही. वंश, वर्ण, धर्म वा राष्ट्रीय मूळ यांचा विचार न करता सैन्यातील सर्वांना समान वागणूक व समान संधी मिळावी, आणि हे धोरण शक्य तितक्या त्वरेने, परंतु कार्यक्षमतेला व मनोधैर्याला बाध न आणता, अमलात यावे, एवढेच तो सांगतो. कार्यक्षमता आणि मनोधैर्य या दोन शब्दांच्या आडोशाने अमेरिकन भूदलाने पुढची जवळजवळ तीन वर्षे काढली. जे काम शांततेच्या काळात निश्चयाने व्हायला हवे होते ते युद्धाच्या धुमश्चक्रीत, गरजेपोटी आणि पुष्कळशा अन्यायासह झाले.

आदेश निघाला तोही केवळ सद्बुद्धीतून नव्हे. १२ फेब्रुवारी १९४६ रोजी सार्जंट आयझॅक वुडर्ड हा नुकताच सेवामुक्त झालेला कृष्णवर्णीय सैनिक अंगावर गणवेश असतानाच बसने घरी निघाला होता. दक्षिण कॅरोलायनातील बेट्सबर्ग येथे पोलिसांनी त्याला मारहाण केली आणि तो कायमचा आंधळा झाला. त्याला मारणाऱ्या पोलीसप्रमुखाला सर्व गोऱ्या पंचांनी निर्दोष सोडले. या घटनेने ट्रुमन हादरले होते, याविषयी शंका नाही. पण १९४८ हे निवडणुकीचेही वर्ष होते, आणि सैन्यातील भेद राहणार असेल तर तरुणांनी सक्तीच्या भरतीला नकार द्यावा, असे आवाहन करण्याची तयारी कामगार पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांनी उघडपणे जाहीर केली होती. आदेशामागे नीती होती आणि राजकारणही होते. यातले एक खरे मानून दुसरे नाकारण्याचे काही कारण नाही.

वायुदलाने १९४९मध्येच आपल्या स्वतंत्र कृष्णवर्णीय तुकड्या मोडायला आरंभ केला. भूदलाने मात्र पाय ओढले. सैन्य ही सामाजिक प्रयोगांची जागा नव्हे, हा युक्तिवाद वरिष्ठ सेनापती वारंवार करीत. वस्तुतः एकाच देशाचे दोन सैन्य बाळगणे, त्यांसाठी दोन छावण्या, दोन बदली-व्यवस्था आणि दोन बढती-याद्या ठेवणे हाच मोठा सामाजिक प्रयोग होता. पण तो जुना असल्यामुळे कोणाला प्रयोग वाटत नसे. आदेशाच्या अंमलबजावणीसाठी चार्ल्स फाही यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीला भूदलाशी दीर्घकाळ हुज्जत घालावी लागली. भूदलात कृष्णवर्णीयांचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक असू नये, हा दंडक अखेर १९५०च्या वसंतात रद्द झाला. त्या वेळी ही बाब कारकुनी वाटली असेल. पुढे तिनेच सारा बांध फोडला.

२५ जून १९५० रोजी कोरियात युद्ध पेटले तेव्हा चोविसावी इन्फंट्री रेजिमेंट जपानमधील गिफू येथे होती. यादवी युद्धानंतर, १८६६च्या कायद्याने कृष्णवर्णीयांसाठी ज्या कायम पलटणी निर्माण झाल्या, त्यांच्या परंपरेतून १८६९मध्ये ही रेजिमेंट उभी राहिली. सैनिक सारे कृष्णवर्णीय, वरचे अधिकारी बहुतेक गोरे. काही कृष्णवर्णीय अधिकारीही होते. पण कृष्णवर्णीय अधिकाऱ्याच्या हाताखाली गोरा अधिकारी येऊ नये, याची दक्षता घेतली जाई, आणि त्यामुळे पात्रता असूनही त्यांची बढती एका मर्यादेपाशी थांबत असे. अशा रेजिमेंटमध्ये नेमणूक होणे म्हणजे आपल्या कारकिर्दीला ओहोटी लागणे, असे अनेक गोऱ्या अधिकाऱ्यांना वाटे. अधिकाऱ्याचा सैनिकांवर विश्वास नाही आणि सैनिकांना हे पुरते ठाऊक आहे, अशा अवस्थेत ही रेजिमेंट जुलैमध्ये रणांगणावर उतरली. जपानमधील सर्वच अमेरिकन फौजांचे प्रशिक्षण अपुरे होते आणि शस्त्रसामग्री जुनी होती. या उणिवा एकट्या चोविसाव्या रेजिमेंटच्या नव्हत्या.

२० जुलै या एका दिवसाकडे पाहिले तरी भेदाचे स्वरूप कळून येते. त्या दिवशी तेजॉन शहर पडले. तेथील चोविसावी डिव्हिजन (हिचा चोविसाव्या रेजिमेंटशी संबंध नाही, आकडा तेवढा एक) उधळली गेली, आणि तिचे सेनापती विल्यम डीन वाट चुकून अखेरीस शत्रूच्या हाती सापडले. त्याच सुमारास चोविसाव्या रेजिमेंटच्या सैनिकांनी येचॉन हे गाव परत घेतले. सतत माघारीच्या बातम्या वाचणाऱ्या अमेरिकेत या यशाचे कौतुक झाले. परंतु १९६१मध्ये प्रसिद्ध झालेल्या भूदलाच्या अधिकृत इतिहासात येचॉन येथे खरी लढाई झाली की नाही, याविषयीच शंका घेण्यात आली. सत्त्याहत्तराव्या इंजिनियर कंपनीचे लेफ्टनंट चार्ल्स बसी यांनी आपल्या आठवणी १९९१मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या, त्या या शंकेला उत्तर म्हणूनच. जनरल डीन यांना त्यांच्या वैयक्तिक शौर्याबद्दल सर्वोच्च सन्मानपदक मिळाले, आणि ते योग्यच होते; पण त्यांच्या डिव्हिजनची वाताहत कोणी गोऱ्या वंशाच्या स्वभावाशी जोडली नाही. चोविसावी रेजिमेंट संगजूजवळ आणि पुढे हामानच्या डोंगरांत मागे हटली, अनेकदा अत्यंत विस्कळीतपणे हटली, तेव्हा मात्र तिचे हटणे हा वर्णाचा गुण ठरला. ऑगस्टमध्ये आलेल्या नव्या कर्नलने कृष्णवर्णीय सैनिक लढाईस योग्य नसतात, असे त्या सैनिकांनाच ऐकविले.

३१ जुलै रोजी संगजूजवळ लेफ्टनंट लिऑन गिल्बर्ट यांना आपले सैनिक घेऊन सोडलेल्या ठाण्यावर परत जाण्याचा हुकूम मिळाला. गिल्बर्ट हे पेन्सिल्व्हेनियातील यॉर्कचे, दुसऱ्या महायुद्धाचा अनुभव असलेले अधिकारी. तेथे जाणे म्हणजे स्वतःचे आणि बरोबरच्या डझनभर माणसांचे मरण, असे सांगून त्यांनी नकार दिला. लष्करी शिस्तीच्या दृष्टीने हा गुन्हाच होता. त्याविषयी वाद नाही. वाद आहे तो पुढे जे घडले त्याविषयी. ६ सप्टेंबरला त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला आणि मृत्युदंड सुनावला गेला. देशभरातून अर्ज-विनंत्या आल्यावर नोव्हेंबरच्या अखेरीस ट्रुमन यांनी ती शिक्षा वीस वर्षांच्या कैदेवर आणली. प्रत्यक्षात गिल्बर्ट पाच वर्षे तुरुंगात होते.

गिल्बर्ट एकटे नव्हते. शिक्षा झालेल्या सैनिकांची पत्रे न्यूयॉर्कला राष्ट्रीय कृष्णवर्णीय उन्नती संघटनेकडे येऊ लागली, तेव्हा संघटनेचे प्रमुख वकील थर्गुड मार्शल जानेवारी १९५१मध्ये टोकियोला गेले. जनरल डग्लस मॅकार्थर यांनी आरंभी त्यांना परवानगी नाकारली होती. मार्शल यांनी तुरुंगातील सैनिकांची एकेकट्याची भेट घेतली, कागदपत्रे तपासली, कोरियालाही ते जाऊन आले. आणि परतल्यावर त्यांनी जे आकडे मांडले त्यांना भाष्याची गरज नव्हती. ऑगस्ट ते ऑक्टोबर १९५० या अवधीत पंचविसाव्या डिव्हिजनमध्ये शत्रूसमोर गैरवर्तन केल्याचा आरोप ६० कृष्णवर्णीयांवर आणि ८ गोऱ्यांवर ठेवण्यात आला. दोषी ठरले ३२ कृष्णवर्णीय आणि २ गोरे. त्या बत्तीस जणांपैकी एकाला मृत्युदंड, पंधरा जणांना जन्मठेप, उरलेल्यांना पाच ते पन्नास वर्षांची सक्तमजुरी झाली. दोन गोऱ्यांपैकी एकाला तीन वर्षे आणि दुसऱ्याला पाच वर्षे, आणि ती पाच वर्षेही पुढे एका वर्षावर आली. जन्मठेपेच्या चार खटल्यांना लागलेला वेळ मार्शल यांनी नोंदविला आहे : एकाला बेचाळीस मिनिटे, एकाला चव्वेचाळीस आणि दोहोंना प्रत्येकी पन्नास. आपली बाजू वकिलाला का सांगितली नाही, या प्रश्नाला सैनिकांनी दिलेल्या उत्तरांचा मथितार्थ एवढाच, की सांगून काही उपयोग होईल असे त्यांना वाटलेच नाही. मार्शल यांच्या प्रयत्नांमुळे अनेकांच्या शिक्षा पुढे कमी झाल्या. दोष त्यांनी एखाद्या न्यायाधीशाला दिला नाही. आदेश निघून अडीच वर्षे झाल्यावरही पृथक्करण चालू ठेवणाऱ्या सेनापतींना दिला. टोकियोतील मुख्यालयाच्या रक्षक दलात एकही कृष्णवर्णीय नाही, हे त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते.

हे खटले चालू होण्याच्या सुमारासच, ६ ऑगस्ट रोजी, हामानजवळ याच रेजिमेंटमधील प्रायव्हेट फर्स्ट क्लास विल्यम थॉम्प्सन हा सैनिक जखमी असूनही मशीनगन सोडायला तयार झाला नाही, आणि आपल्या सहकाऱ्यांना मागे हटता यावे म्हणून लढतच मरण पावला. १९५१मध्ये त्याला मरणोत्तर सर्वोच्च सन्मानपदक देण्यात आले. १८९८च्या स्पॅनिश-अमेरिकन युद्धानंतर हे पदक मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय सैनिक. मधल्या दोन महायुद्धांच्या काळात एकाही कृष्णवर्णीयाच्या वाट्याला ते आले नव्हते. दुसऱ्या महायुद्धातील सात जणांना ते १९९७मध्ये मिळाले, आणि त्यांपैकी सहा तोवर हयात नव्हते. थॉम्प्सनची रेजिमेंट मोडीत काढावी, अशी शिफारस पंचविसाव्या डिव्हिजनचे सेनापती विल्यम कीन यांनी त्याच्या मृत्यूनंतर महिनाभराने, सप्टेंबरात, केली होती.

एकात्मीकरण आले ते अखेर बेरजेच्या गणितातून. दहा टक्क्यांचा दंडक गेल्यावर कृष्णवर्णीयांची भरती झपाट्याने वाढली. त्यांच्या स्वतंत्र तुकड्यांत माणसे उतू जाऊ लागली, आणि शेजारच्या गोऱ्या पलटणी मृत व जखमींच्या संख्येमुळे ओस पडू लागल्या. नवव्या इन्फंट्रीसारख्या रेजिमेंटच्या अधिकाऱ्यांनी १९५०च्या उन्हाळ्यातच, कोणाच्या लेखी संमतीची वाट न पाहता, उपलब्ध होतील ते कृष्णवर्णीय सैनिक आपल्या गोऱ्या कंपन्यांत घेतले. ज्या अनर्थाचे भाकीत वर्षानुवर्षे केले गेले होते तो घडला नाही. माणसे एकाच खंदकात झोपली आणि एकाच डब्यातले जेवली. याला विरोध करणारे सेनापतीही होते. दहाव्या कोअरचे एडवर्ड आमंड यांनी महायुद्धात इटलीत कृष्णवर्णीय डिव्हिजनचे नेतृत्व केले होते, आणि त्या अनुभवातून त्यांनी काढलेले निष्कर्ष ते आयुष्यभर बाळगून होते. परंतु मॅकार्थर यांच्या जागी आलेल्या मॅथ्यू रिजवे यांनी मे १९५१मध्ये आपल्या सर्व फौजांच्या एकात्मीकरणाची परवानगी मागितली, आणि जुलैमध्ये ती जाहीर झाली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी भूदलासाठी केलेल्या पाहणीचाही कौल हाच पडला, की संमिश्र तुकड्यांमुळे परिणामकारकता वाढते.

१ ऑक्टोबर १९५१ रोजी चोविसावी रेजिमेंट विसर्जित झाली. तिचे सैनिक इतर तुकड्यांत विखुरले गेले. पृथक्करण चुकीचे होते म्हणून ती मोडली, की ती नालायक होती म्हणून, याचा उलगडा भूदलाने त्या वेळी केला नाही, आणि हीच गोष्ट तिच्या माणसांना सर्वांत अधिक लागली. शेवटची स्वतंत्र तुकडी १९५४मध्ये संपली, तरी विषमता संपली नव्हती. संमिश्र तुकडीत कृष्णवर्णीय शिपाई पुष्कळ आणि अधिकारी तुरळक, हे चित्र पुढेही दीर्घकाळ टिकले. छावणीच्या फाटकाबाहेर दक्षिणेतील उपाहारगृहे, शाळा आणि भाड्याची घरे त्याला बंदच होती. त्यासंबंधी संरक्षण खात्याचा निर्देश निघायला १९६३ साल उजाडावे लागले.

रेजिमेंटच्या जुन्या सैनिकांनी आपल्यावरील डाग पुसण्यासाठी अनेक वर्षे खटपट केली. भूदलाने नव्याने करविलेला अभ्यास १९९६मध्ये प्रसिद्ध झाला. रेजिमेंटच्या अपयशांची नोंद त्यात कायम आहे. परंतु त्यांचे मूळ वर्णात नसून पृथक्करणात, अविश्वासात आणि दुबळ्या नेतृत्वात असल्याचे त्यात मान्य केले आहे. या निष्कर्षानेही अनेक वृद्ध सैनिकांचे समाधान झाले नाही. त्यांच्या मते माघारींचा हिशेब पुन्हा एकदा त्यांच्याच नावावर मांडला गेला होता. गिल्बर्ट यांचे १९९९मध्ये निधन झाले. त्यांची शिक्षा कमी झाली होती, दोष मात्र रद्द झाला नव्हता.