अँफोचा टेंपो

शेंद्र्याच्या एमआयडीसीत माल उतरवणाऱ्या कोणालाही विचारा. माल तोच असला तरी तो कुठल्या गाडीतून आला, त्यावर कुठल्या गेटातून आत जाणार हे ठरतं. अँफोटेरिसिन बी या औषधाची गोष्टही अशीच आहे. २०२१च्या उन्हाळ्यात तेव्हाच्या औरंगाबादेत काळ्या बुरशीच्या रुग्णांचे नातेवाईक ज्याच्या कुप्यांसाठी वणवण फिरत होते, तेच हे औषध.

१९५०च्या दशकात स्क्विब कंपनीच्या संशोधकांना ते व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवात सापडलं. बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल असतं. हे औषध त्याला चिकटतं आणि आवरणाची चाळण करतं. आपल्या पेशींतलं कोलेस्टेरॉल हे त्याच अर्गोस्टेरॉलचं भावंड. सगळी भानगड या नात्यातली, कारण औषध आपल्या पेशींनाही इजा करतं.

औषध पाण्यात विरघळेना, म्हणून त्याला डीऑक्सिकोलेट या पित्तातल्या क्षाराची जोड दिली. पिवळं द्रावण थेंबथेंब शिरेत जाऊ लागलं की रुग्णाला हुडहुडी भरे, मग फणफणून ताप. रुग्णालयांच्या वॉर्डांनी याला ‘शेक अँड बेक’ म्हणून टाकलं. दुखणेकऱ्याच्या जिवावरचा विनोद, पण चपखल.

हा ताप औषधाचा नव्हे, आपल्याच शिपायांचा. २००३ साली दिसून आलं, की मोनोसाइट वगैरे प्रतिकारपेशींवरचे टीएलआर-२ आणि सीडी-१४ हे ग्राही या औषधाला जंतूच समजतात आणि पेशी दाहक रसायनं सोडतात.

आता गाड्यांकडे वळू. रक्तातला पहिला चरबीवाहक १९२९मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मिशेल माशबफ यांनी घोड्याच्या रक्तातून वेगळा केला. पुढे अमेरिकेत जॉन गॉफमन यांनी अतिवेगवान सेंट्रिफ्यूजवर या वाहकांची प्रतवारी लावली. आज आपल्या लिपिड प्रोफाइलच्या कागदावर छापून येणारे एलडीएल आणि एचडीएल ते हेच. शिरेतून आत गेलेलं अँफो यांच्यावर स्वार होतं. एलडीएलला पेशीत घेणारं दार ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी १९७०च्या दशकात शोधलं, १९८५चं नोबेल मिळवलं. ते दार किडनीच्या पेशींनाही असतं आणि मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशींनाही. प्रयोगशाळेत मूत्रपिंडाच्या पेशींवर एलडीएलवर बसलेलं अँफो विषारीच राहिलं. एचडीएलवरचं बरंच सौम्य ठरलं. मग मधुमेही माणसाच्या बिघडलेल्या लिपिडांचं काय? काळ्या बुरशीनं गाठलेल्यांत मधुमेही तर खूपच होते.

उपाय निघाला तो वाहक बदलण्याचा. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये अॅलेक बँगहॅम यांनी लायपोसोम, म्हणजे चरबीचे सूक्ष्म फुगे, दाखवून दिले होते. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी बी. के. बच्छावत यांच्या साथीनं त्यात अँफो भरलं, आणि भारतीय लायपोसोमल औषध उभं राहिलं. फुग्यातलं औषध मॅक्रोफेज गिळतात, पण एरवीइतके बिथरत नाहीत. ताप कमी, किडनीला इजाही कमी.

२०२१च्या मे महिन्यात या फुग्यांच्या कुप्या पुरेनात. वर्ध्यातल्या एका कंपनीनं अँफोचं इमल्शन बनवायला घेतलं. लायपोसोमल मिळालं नाही तिथे जुन्या पिवळ्या अँफोकडे वळावं लागलं. ते मिठाच्या सलाइनमध्ये घालायचं नाही, साका बसतो. ग्लुकोजच्या बाटलीतच द्यायचं. आधी पॅरासिटामॉल, मग थेंब, आणि किडनीवर नजर ठेवायला रोज क्रिएटिनिनची तपासणी.