लिज्जत : घरच्या पोळपाटावर उभा राहिलेला उद्योग

मुंबईच्या गिरगावात, लोहाणा निवासाच्या गच्चीवर, १५ मार्च १९५९ रोजी सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांतल्या एक. भांडवल ८० रुपयांचे, तेही छगनलाल करमशी पारेख या समाजसेवकाकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली आणि भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे ती विकायला दिली गेली. वर्षअखेर विक्री ६,१९६ रुपयांवर पोहोचली होती.

या बायकांना पापड करायला शिकवावे लागले नाही. उडदाचे पीठ भिजवणे, कुटणे, लाट्या पाडणे आणि पातळ, एकसारखे लाटणे ही कामे प्रत्येकीच्या हातात लहानपणापासून होती. उन्हाळी वाळवणाच्या दिवसांत घरोघरी होणाऱ्या या कामाला तोवर बाजारात किंमत नव्हती, एवढेच. अडचणी निघाल्या त्या धंद्याच्या. सुरुवातीला दोन प्रतींचे पापड होत, एक चांगला आणि एक स्वस्त. पारेख, म्हणजे सगळ्यांचे छगनबाप्पा, यांनी प्रत एकच आणि उत्तम ठेवा, हिशोब चोख ठेवा, असा आग्रह धरला. मुंबईच्या पावसाळ्यात वाळवण होईना, म्हणून पहिल्या वर्षी चार महिने काम बंद राहिले. पुढच्या वर्षी बायकांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली पेटता स्टोव्ह, आणि पावसातही काम सुरू. 'लिज्जत' हे नाव १९६२ साली ठरले.

काम वाढले तशी त्याची वाटणी ठरत गेली आणि उद्योगाचे खरे बळ याच वाटणीत आहे. पीठ केंद्रावर भिजते, कारण हिंग, मिरी, पापडखार यांचे प्रमाण घरागणिक बदलले तर चव टिकत नाही. पहाटे सभासद बहिणी केंद्रावर येतात, आदल्या दिवशीचे वाळलेले पापड तपासून आणि तोलून देतात, लाटण्याची मजुरी घेतात आणि नवे पीठ घेऊन घरी परततात. लाटणे आणि वाळवणे घरी होते. घराची स्वच्छता आधी पाहिली जाते. ज्यांच्या घरी वाळवायला जागा नाही, त्यांना केंद्रावर पीठ भिजवण्याचे किंवा पाकिटे भरण्याचे काम मिळते. चाळीतल्या खोलीत राहणाऱ्या बाईसाठी ही सोय मोठी होती. स्वयंपाक आणि मुले सांभाळून, कोणाच्या दारात नोकरी न मागता ती कमावू लागली.

घरी बसून माल करणे महाराष्ट्राला नवे नव्हते. सोलापूर, सिन्नर, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या भागांत बायका घरी विड्या वळत आल्या आहेत. तिथेही तंबाखू आणि पाने वाटली जातात आणि तयार माल मोजून घेतला जातो. पण तंबाखू कारखानदाराची, विडी त्याची, नफाही त्याचा. सदोष ठरवून छाटात काढलेल्या विड्यांचे नुकसान मात्र वळणारीच्या मजुरीतून जाते. लिज्जतमध्ये लाटणारी बाई मजुरी घेते आणि त्याच वेळी धंद्याची मालकही असते. नफा-तोटा बहिणींमध्ये वाटला जातो, निर्णय एकमताने होतात आणि सभासदत्व फक्त स्त्रियांना आहे. पुरुष हिशोबनीस किंवा वाहनचालक म्हणून पगारावर असतात. हा फरक बारीक वाटला, तरी घरकामगार आणि उद्योजक यांच्यामधली रेषा तीच आहे.

१९६६ साली श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या नावाने संस्थेची नोंदणी झाली. त्याच वर्षी खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने तिला ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली आणि खेळते भांडवल पुरवले. दान घ्यायचे नाही, हा दंडक संस्थेने सुरुवातीपासून पाळला होता. १९६१ साली सांगलीत शाखा काढण्याचा प्रयत्न फसला होता. १९६८ साली गुजरातेतल्या वालोडला मात्र शाखा उभी राहिली आणि मुंबईची ही पद्धत राज्याबाहेर गेली. पुढे मसाले, कपडे धुण्याची पावडर असा मालही आला. आज संस्थेत सुमारे ४५,००० स्त्रिया आहेत आणि पापड परदेशातही जातो. जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.