संघराज्यपद्धती : मराठवाड्याचा अनुभव
विकसनशील देशाला संघराज्यपद्धती मानवते का, याचा एक दाखला कळंब (जि. धाराशिव). मांजरेकाठचे हे तालुक्याचे ठिकाण १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, मग द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. लोकांना कारभाराची भाषा मराठी मिळाली, हा निर्विवाद लाभ; राजधानी मात्र लांबच राहिली. केंद्र-राज्य अधिकारवाटपाने राज्याच्या पोटातील असमतोल आपोआप मिटत नाही. १९५३ च्या नागपूर करारात मराठवाड्याला न्याय्य वाट्याची हमी होती. घटनेच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये विकास मंडळाची तरतूदही झाली. मंडळ प्रत्यक्षात आले १९९४ मध्ये! २०२० मध्ये त्याची मुदत संपली. पाण्याचा प्रश्न तर राज्याच्या सीमेबाहेरही जातो : गोदावरीला मिळणारी मांजरा पुढे कर्नाटक-तेलंगणात जाते. गोदावरी खोऱ्याच्या पाणीवाटपासाठी लवाद नेमावा लागला, त्याचा निवाडा १९८० चा.