‘एक अनेक’च्या मागची अक्का

भारतातल्या शैक्षणिक टीव्हीच्या सुरुवातीच्या वर्षांवर मी पीएचडी करतेय असं सांगितलं, की समोरचा माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर ‘म्हणजे नक्की काय?’ असं विचारतो, नाहीतर (चाळिशीच्या आसपासचा असेल तर) ‘एक अनेक और एकता’ गुणगुणायला लागतो. दुसऱ्या प्रकारच्या लोकांना मी विचारते, ही फिल्म केली कुणी? गाणं अख्खं पाठ असतं, पण या प्रश्नाला बरोबर उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

उत्तर आहे विजया मुळे. जेमतेम सात मिनिटांची ही कार्टून फिल्म १९७४ सालची, फिल्म्स डिव्हिजनची. ॲनिमेशन भीमसैन यांचं, संगीत ‘अमर भूपाळी’वाले आपले वसंत देसाई यांचं, आवाज तेव्हा लहान असलेल्या साधना सरगम यांचा. दिग्दर्शिका विजया मुळे, वय त्रेपन्न. त्रेपन्नाव्या वर्षी सरकारी नोकरीतली बाई मुलांसाठी कार्टून कशी काय करते, हे समजायला मागे जावं लागतं.

जन्म १९२१, मुंबई. १९४० मध्ये लग्नानंतर नवऱ्याबरोबर पाटण्याला. शहर सनातनी, पण तिथल्या विद्यापीठाची एक सोय होती: बायकांना घरी बसून, बाहेरून परीक्षा देऊन पदवी घेता यायची. विजयाबाईंनी ती घेतली. पुढे १९४६ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून शिक्षणशास्त्रात मास्टर्स करायला इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात. युद्ध नुकतंच संपलेलं, खाण्यापिण्याला रेशन, पण सिनेमाला रेशन नव्हतं. तिथल्या विद्यार्थ्यांच्या फिल्म सोसायटीत त्या सिनेमा ‘बघायला’ शिकल्या, म्हणजे गोष्ट कळली की उठून न जाता ती कशी सांगितली हे बघायला. परत आल्यावर काही मित्रमंडळींबरोबर पाटणा फिल्म सोसायटी उभी केली. १९५४ मध्ये शिक्षण मंत्रालयाच्या नोकरीसाठी दिल्लीला गेल्या, तिथेही तेच.

आज मोबाईलवर कुठलाही सिनेमा मिळतो, त्यामुळे फिल्म सोसायटी चालवणं म्हणजे काय भानगड होती याचा अंदाज येत नाही. रिळांसाठी वकिलातींचे उंबरे झिजवायचे, सेन्सॉरकडून सूट मागायची, ते जड डबे एका गावाहून दुसऱ्या गावाला पाठवायचे आणि वर्गणीतून हे सगळं भागवायचं. एकट्यादुकट्या सोसायटीला ते झेपेना, म्हणून १९५९ मध्ये सोसायट्यांचा महासंघ झाला. अध्यक्ष सत्यजित राय, सहसचिव चिदानंद दासगुप्ता आणि विजया मुळे. या चळवळीचा इतिहास वाचताना राय यांच्यावर पानंच्या पानं मिळतात, बाईंवर बहुतेक वेळा एखादं वाक्य. पत्रव्यवहार आणि हिशेब सांभाळणाऱ्यांच्या वाट्याला इतिहासात एवढंच येतं बहुधा.

आणि गंमत बघा, साठच्या दशकात सरकारने त्यांची बदली केली सेन्सॉर बोर्डात! आधी मुंबई, मग कलकत्ता. जगभरचा सिनेमा न कापता बघायला मिळावा म्हणून धडपडणारी बाई दिवसा सिनेमाला कात्री लावणाऱ्या खात्यात. मला यात ढोंग दिसत नाही. त्या पिढीतल्या पुष्कळ लोकांना वाटायचं की सरकारच्या आत राहूनच काहीतरी करता येईल. ते कितपत खरं होतं, हा माझ्या प्रबंधातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे.

कलकत्त्यात त्यांनी पहिली फिल्म केली, ‘द टायडल बोर’. भौतिकशास्त्रातून आल्यामुळे असेल, पण मला ही त्यांची सगळ्यात लाडकी निवड वाटते. विषय हुगळी नदीत येणारी भरतीची भिंत, बंगालीत ‘बान’.

हे प्रकरण काय असतं ते थोडक्यात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला समुद्राचं पाणी नदीच्या मुखातून आत घुसतं. हुगळीचं मुख नरसाळ्यासारखं, बाहेर रुंद आणि आत चिंचोळं आणि उथळ. अशा पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो: खोली गुणिले गुरुत्वीय त्वरण, त्याचं वर्गमूळ. दोन मीटर खोल पाण्यात लाट ताशी साधारण १६ किलोमीटरने जाते, चार मीटर खोल पाण्यात साधारण साडेबावीसने. आता भरतीची पुढची कड उथळ पाण्यात असते, आणि तिच्या मागचं पाणी चढत चाललेलं, म्हणजे जास्त खोल. मागचं पाणी पुढच्याला गाठतं, उतार उभा होत जातो, आणि शेवटी नदीच्या उलट दिशेने पाण्याची एक पायरीच धावत येते. ती काठाशी फुटते, म्हणून नावाडी बान यायच्या आधी होड्या काठावरून सोडवून नदीच्या मध्यावर नेतात. भीतीने माणूस काठाकडे पळेल. इथे उलटं करावं लागतं. ते कारण कळलेलं असण्यातून येतं, मग सूत्र माहीत असो वा नसो.

या फिल्मसाठी त्यांना राय यांचं मार्गदर्शन मिळालं, आणि तेव्हा भारतात आलेल्या फ्रेंच दिग्दर्शक लुई माल यांचंही. जर्मनीतल्या मानहाइमच्या महोत्सवात ती भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून गेली. (त्याच सुमारास मुलगी सुहासिनी मृणाल सेन यांच्या ‘भुवन शोम’मध्ये काम करत होती. घरात सिनेमा भरपूर!)

आता परत ‘एक अनेक’कडे. देशाच्या एकतेवर फिल्म करायची म्हटल्यावर सरकारी खात्यात झेंडा, सैनिक आणि नकाशा हा हमखास मसाला असतो. बाईंनी सुरुवात केली ती लहान भावाच्या शंकेपासून. ‘अनेक’ म्हणजे काय, हेच त्याला कळत नाहीये. ताई आधी सूर्य-चंद्र दाखवून ‘एक’ समजावते, मग खारी, पक्षी असं करत ‘अनेक’. त्यानंतर जाळ्यात अडकलेल्या पक्ष्यांची आपली जुनी गोष्ट, आणि देश येतो तो अगदी शेवटी. शिक्षणशास्त्राच्या पदवीचा माणूसच असा क्रम लावतो: आधी संख्या, मग गोष्ट, मग अमूर्त कल्पना. फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आणि इथे माझा मुख्य विषय येतो. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं एक वर्ष नासाचा एटीएस-६ हा उपग्रह भारताला वापरायला मिळाला. सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत टीव्ही संच बसवले गेले, डोक्यावर तीन मीटरची छत्री, तीही कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची. हाच ‘साइट’ प्रयोग. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, म्हणून आपल्याकडे त्याची आठवण कमी. सकाळी दीड तास शाळांसाठी. हिंदी, कन्नड, उडिया, तेलुगू अशा चार भाषांना प्रत्येकी साडेबावीस मिनिटं. शाळेचे कार्यक्रम बनवायला एक शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्र काढलं गेलं, आणि त्याच्या प्रमुख म्हणून बाईंना बोलावलं. ज्यांनी पडदा कधी पाहिलेलाच नाही अशा पोरांना पडद्यावरची गोष्ट कशी सांगायची, हा लीड्सपासूनचा त्यांचा प्रश्न आता उपग्रहाच्या आकाराचा झाला. याच वर्षभरात सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षणही टीव्हीवरून दिलं गेलं.

तारखा नीट बघितल्या तर एक गोष्ट खुपते. हे सगळं वर्ष आणीबाणीतलं आहे. सकाळी पोरांना विज्ञान दाखवणारा तोच संच संध्याकाळी सरकारचं म्हणणं सांगायचा. त्यामुळे ‘एक अनेक’ म्हणजे शुद्ध बालपण, असं हळवं होऊन मला लिहिता येत नाही. पण तिला नुसता प्रचार म्हणून मोडीतही काढता येत नाही. प्रचारात शंका विचारणारं पोर नसतं. इथे अख्खी फिल्म त्याच्या शंकेवर उभी आहे, आणि ताई त्याला गप्प बस म्हणत नाही.

वर्ष संपलं, उपग्रह परत गेला. सिनेमाच्या जगात बाईंना सगळे अक्का म्हणत. अक्का काही थांबल्या नाहीत. २००२ मध्ये मुंबईच्या माहितीपट महोत्सवात त्यांना व्ही. शांताराम पुरस्कार मिळाला. २०१० मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला: विसाव्या शतकातल्या परदेशी चित्रपटांमध्ये भारत कसा दिसला, याचा शोध. राजे, योगी, साप, आणि मग गांधी. ज्या माल यांची भारतावरची मालिका बीबीसीवर दाखवल्यामुळे १९७० मध्ये आपल्या सरकारने बीबीसीचं दिल्लीतलं ऑफिस बंद केलं होतं, त्या माल यांच्या मैत्रिणीनेच हा विषय घ्यावा हे मला फार पटतं.

१९ मे २०१९ रोजी त्या दिल्लीत गेल्या, वय ९८. तो ग्रंथ सध्या माझ्या टेबलावर आहे, लायब्ररीची मुदत दोनदा वाढवून घेतलेला.