धूळपाटीपासून बालवाडीपर्यंत : मुलांच्या मळक्या हातांची हकीकत

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती असतात, विणकामाचे नमुने असतात, झालेच तर एखादे प्रवासवर्णन. या वर्षी संपादिकाबाईंनी मला मुलांच्या हस्तव्यवसायावर लिहायला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण मंडळाच्या बालवर्गात बसून लहान मुलांबरोबर माती, लगदा, खळ यांत हात घालण्याचे काम बरीच वर्षे केले आहे, आणि त्या निमित्ताने वाचनालयातून पुस्तके आणून थोडेफार वाचलेही आहे. 'मुलांचे हात कशाला घाण करता?' असे पुष्कळ मातोश्री विचारतात. तेव्हा या घाणीचा इतिहासच सांगावा असे मनात आले.

'धुळाक्षरे गिरवणे' हा शब्द आपण सर्रास वापरतो. पण त्यातली धूळ खरीच होती, हे हल्लीच्या मुलांना सांगावे लागते. पूर्वी पंतोजींच्या शाळेत मुलाच्या पुढे लाकडी पाटी असे, तिच्यावर बारीक धूळ पसरत आणि बोटाने किंवा काडीने तिच्यात अक्षर काढत. चुकले की पाटी हलवायची, अक्षर गेले! कागद महाग, बोरू-शाई त्याहून जपून वापरायची. तेव्हा हात धुळीत बसवूनच अक्षर वळवायचे. म्हणजे आपल्याकडे विद्येचा आरंभ मळक्या बोटानेच होत असे.

पण हे मुलग्यांचे झाले. मुलींचे हातही मळत, नाही असे नाही. शेणाने अंगण सारवणे, चुलीला पोतेरे देणे, भिंतीला गेरू लावणे, गोवऱ्या थापणे ही कामे पाच-सहा वर्षांची पोर आईच्या मागे लागून शिकत असे. तिची माती ही कामाची माती, भावाची धूळ ही अक्षराची धूळ. घर एकच, पण दोघांच्या हाताला लागलेल्या मळाची किंमत निरनिराळी. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यास भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली तेव्हा या वाटणीला पहिला मोठा धक्का बसला. सावित्रीबाई शाळेत जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण-चिखल टाकत, हे आपण सर्वजणी जाणतोच. मला तर वाटते, स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात चिखल हा फार जुना साक्षीदार आहे.

याच सुमारास तिकडे जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल नावाच्या गृहस्थाने लहान मुलांसाठी वेगळा विचार मांडला होता. हा माणूस वर्षाचाही नव्हता तेव्हा त्याची आई गेली. लहानपण एकाकी गेले, बागेत रमले. १८३७ साली त्याने ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० साली तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. मुलाने नुसते ऐकून शिकू नये, हातांनी करून शिकावे, असे त्याचे म्हणणे. त्याच्या बागेत मुले मातीच्या वस्तू करीत, कागदाच्या घड्या घालीत, कागदाच्या पट्ट्यांच्या चटया विणीत, कातरकाम करीत. आज बालवर्गात जे जे करतो त्यातले निम्मे त्या गृहस्थाचे आहे. आणि गंमत अशी की, या निरुपद्रवी बागेचीही सरकारला भीती वाटली! प्रशियाच्या सरकारने नास्तिकपणा आणि समाजवाद यांचा संशय घेऊन १८५१ साली अशा शाळांवर बंदी घातली. ती उठली १८६० साली, पण फ्रोबेल त्यापूर्वीच, १८५२ साली वारला होता.

ही पद्धत शिकून घेणाऱ्या पहिल्या मराठी बायकांत पंडिता रमाबाईंचे नाव घ्यावे लागते. १८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत गेल्या आणि फिलाडेल्फियात राहून त्यांनी किंडरगार्टनचे शिक्षण घेतले. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता! पण लहान मुलांबरोबर कागद दुमडायला शिकणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. परत आल्यावर १८८९ साली त्यांनी मुंबईस शारदासदन काढले. तिथे आलेल्या बालविधवांना पुढे शिक्षिका म्हणून पायावर उभे करायचे, हा त्यांचा हेतू होता.

त्यानंतर नाव येते माँटेसोरीबाईंचे. रोममधल्या एका गरीब वस्तीत १९०७ साली त्यांनी बालगृह काढले. त्यांची लाकडी साधने फार विचाराने केलेली असतात. दट्टे, मनोरे, खरखरीत अक्षरे, सगळे मापात. इकडे भावनगरला गिजुभाई बधेका वकिली सोडून या कामाला लागले आणि १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केले. मुले त्यांना 'मिशाळ आई' अशा अर्थाच्या गुजराती नावाने हाक मारीत. १९२३ साली ताराबाई मोडक राजकोटची मोठ्या पगाराची नोकरी सोडून त्यांच्याकडे गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला आणि १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार काढले.

दादरला साधनांची अडचण एक वेळ भागेल. पण खेड्यात काय करायचे? १९३१ साली गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले असता माँटेसोरीबाईंना भेटले. तिथे भाषण करताना, असे शिक्षण फक्त श्रीमंतांच्या मुलांना नव्हे तर अगदी दरिद्री माणसाच्या मुलांनाही मिळावे, अशी आशा त्यांनी बोलून दाखवली. ती आशा खरी करायला ताराबाईंना वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मुंबई सोडून समुद्रकाठच्या बोर्डी गावी जावे लागले. १९४५ साली तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. त्यांच्यासोबत होत्या अनुताई वाघ. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि सहा महिन्यांत वैधव्य आले. पुढे त्या शिक्षिका झाल्या आणि बोर्डीला आल्या त्या जन्मभरासाठी.

इथे मला आपल्या विषयाचा खरा कस लागलेला दिसतो. गरीब वस्तीतली मुले शाळेत येईनात. आई-बाप मजुरीला, थोरली मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन बसलेली. मग या बायांनी शाळाच उचलून त्यांच्या अंगणात नेली. या अंगणातल्या शाळेला ताराबाईंनी 'अंगणवाडी' असे नाव दिले. आधी काय केले? मुलांना न्हाऊ घातले, नखे काढली, केस विंचरले. स्वच्छतेचा पाठ पहिला. आणि मग त्याच धुतलेल्या हातांत माती दिली! लाकडी मणी आणि मापाचे ठोकळे आणायला पैसे नव्हते, तेव्हा गावात जे फुकट मिळते तेच साधन झाले. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, माती. शिंपले लहान-मोठे लावून मोजणी येते, बिया निवडून रंग ओळखता येतात, माती वळून बोटांत जोर येतो. ते मूल पुढे लेखणी धरील ती याच बोटांनी.

काही लोक म्हणतात की गरिबांच्या मुलांना माती नवी नाही, ती मातीतच वाढतात, त्यांना शाळेत पुन्हा मातीच कशाला? मला हे पटत नाही. मातीत बसणे निराळे, आणि कोणीतरी जवळ बसून 'हा बैल कोणाचा रे? याला शिंगे का नाहीत?' असे विचारणे निराळे. फरक मातीत नाही, विचारणाऱ्या माणसात आहे. पुढे हे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. तिथल्या वारली मुलांना गुरे राखायची असत, म्हणून गुरे चरतात त्या कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा. ताराबाई १९७३ साली गेल्या, अनुताई १९९२ साली. १९७५ साली २ ऑक्टोबरला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि बोर्डीच्या अंगणातला शब्द भारतभर गेला. आज आपल्या गल्लीच्या टोकाला जी अंगणवाडी आहे तिचे नाव एका मराठी बाईने ठेवलेले आहे, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक असेल?

महिला मंडळांचाही यात वाटा आहे बरे का! १९५३ साली दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. त्यानंतर गावोगाव बालवाड्या निघाल्या, त्यातल्या कितीतरी मंडळाच्या बायकांनीच चालवल्या. शिवणाचे यंत्र एका कोपऱ्यात आणि बालवाडी दुसऱ्या कोपऱ्यात, असा तो संसार असे.

आता हल्लीचे सांगते. आमच्या शेजारच्या एका लहानग्याच्या शाळेत हस्तव्यवसायासाठी तयार पाकीट विकत घ्यावे लागते. त्यात कापलेले आकार, चिकट पट्ट्या, चमकी. मूल फक्त चिकटवते. तेही रात्री दहा वाजता त्याची आईच चिकटवते, मूल निजलेले असते! दुसऱ्या दिवशी भिंतीवर चाळीस एकसारखी फुलपाखरे. गणवेशाला डाग पडता कामा नये, अशी शाळेची ताकीद. फ्रोबेलसाहेबांवर बंदी घातली ती सरकारने, आपण तर ती पैसे देऊन विकत घेतो.

आणि आपल्या घरात काय कमी होते? बेंदूर-पोळ्याला मातीचे बैल, दिवाळीला अंगणात किल्ला, भातुकलीसाठी चुली आणि बोळकी. हे कोणी बाहेरून येऊन शिकवले नव्हते. आमच्या आजेसासूबाई रद्दी कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करीत. त्यात धान्य राही, कीड लागत नसे. हा लगदा आमच्या बालवर्गातल्या मुलांचा सर्वांत आवडता. म्हणून त्याची कृती देते.

रद्दीचे बारीक तुकडे करावेत. हे काम मुलांनाच द्यावे, फाडायला त्यांच्याइतके तरबेज कोणी नाही. तुकडे दोन-तीन दिवस पाण्यात भिजत घालावे, पाणी रोज बदलावे. मग पिळून कुटावे. मूठभर मेथ्या रात्री भिजवून वाटून त्यात मिसळाव्यात. मेथीने लगदा चिकट होतो आणि किडाही लागत नाही. पालथ्या वाटीला फडके लावून त्यावर लगदा मुलांच्या हातांनी थापावा. जाड-पातळ होऊ द्यावे, आपण मध्ये बोट घालू नये.

रंगाला खळ करावी. वाटीभर गव्हाचे पीठ थंड पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवले की झाली. निवल्यावर त्यात हळद, बिटाचा रस, पालकाचा रस निरनिराळे घालावे आणि कागदावर बोटांनी फिरवू द्यावे. भेंडीचा देठाकडचा भाग आडवा कापला की चांदणीचा ठसा मिळतो. कुंकू आणि बाजारचे रंग मात्र लहानांना देऊ नयेत, हात तोंडात जातातच. ओला चुना तर मुळीच नको, डोळ्याला इजा होते. जवळ एक बादली पाणी आणि जुने धोतर ठेवावे. हात धुणे हाही खेळच होतो, कधीकधी मूळ कामापेक्षा जास्त वेळ चालतो.

या वर्षी वर्धापनदिनाच्या प्रदर्शनात बालवर्गाच्या लगद्याच्या वाट्या मांडायच्या ठरल्या आहेत. ज्यांना करून पाहायच्या असतील त्यांनी आठ दिवस आधीपासून रद्दी साठवावी. वाट्या सावलीतच वाळवाव्यात, उन्हात तडकतात. पूर्ण वाळायला चार-पाच दिवस लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त. वरून गेरूचा हात द्यावा. त्यात सुपारी, लवंगा, फुटाणे काहीही ठेवता येते, पाणी तेवढे घालू नये.