युरोपीय शेती अनुदाने : भारत सरकारची भूमिका

युरोपीय संघ आपल्या शेतकऱ्यांवर जो खर्च करतो, त्याविषयी भारत सरकारने जागतिक व्यापार संघटनेत मांडलेले म्हणणे. या खर्चाचा उगम 1962 पासून राबवल्या जाणाऱ्या सामाईक कृषी धोरणात असून 2021–27 या काळासाठी त्याकरिता सुमारे 387 अब्ज युरो, म्हणजे संघाच्या अर्थसंकल्पाचा जवळजवळ तिसरा हिस्सा, ठेवण्यात आला.

जागतिक व्यापार संघटनेच्या 1995 च्या शेतीकरारानुसार भाव वा उत्पादन वाढवणारी मदत ‘पिवळ्या पेटीत’ पडते आणि तिला मर्यादा असते. व्यापार फारसा न बिघडवणारी मानलेली मदत ‘हिरव्या पेटीत’ जाते व तिला मर्यादा नसते. युरोपने 1992 आणि 2003 च्या सुधारणांनी भावाचा आधार कमी करून बरीचशी रक्कम पिकाशी न जोडता थेट शेतकऱ्याच्या खात्यावर देण्यास सुरुवात केली आणि ती हिरव्या पेटीत बसवली. भारताचा हमीभाव मात्र पिवळ्या पेटीतच राहिला. त्याचे मोजमाप आजही 1986–88 च्या किमतींशी केले जाते आणि मर्यादा त्या त्या पिकाच्या उत्पादनमूल्याच्या 10 टक्के आहे. विकसित देशांना मिळालेली सुमारे 160 अब्ज डॉलरची पिवळ्या पेटीतील मुभा आधी रद्द करावी, अशी मागणी भारत व चीन यांनी जुलै 2017 मध्ये संयुक्तपणे केली.

नागपूर जिल्ह्यातील हिंगण्यासारख्या कापूस पिकवणाऱ्या तालुक्याला हा वाद थेट भिडतो. संघटनेच्या 2013 च्या बाली परिषदेत मर्यादा ओलांडल्याच्या तक्रारींपासून मिळालेले संरक्षण केवळ पारंपरिक अन्नपिकांच्या साठवणुकीपुरते असल्याने कापूस त्याबाहेर राहिला, आणि नोव्हेंबर 2018 मध्ये भारताचा कापसाचा हमीभाव मर्यादा ओलांडतो, असा दावा अमेरिकेने केला. प्रत्यक्षात 2025–26 साठी मध्यम धाग्याच्या कापसाला जाहीर झालेला क्विंटलमागे 7,710 रुपये हा भाव कापूस महामंडळाच्या केंद्रावर 8 टक्के ओलाव्याला मिळतो, त्यापुढे कपात होते आणि 12 टक्क्यांवर गेलेला माल घेतला जात नाही. ग्रीस व स्पेनमधील कापूस उत्पादकाला मात्र पिकासाठीची हेक्टरी मदत बाजारभाव पडला तरी मिळते.

सरकारची ही बाजू रास्त आहे. पण ती घरच्या धोरणाशी जुळत नाही. शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांनी दीर्घकाळ मांडलेला ‘उणे सबसिडी’चा मुद्दा, म्हणजे निर्यातबंदी व आयातीच्या जोरावर सरकारच शेतमालाचे भाव दाबते हे म्हणणे, पुढे आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या 2018 च्या अहवालानेही उचलून धरले : खत-विजेवरील सवलती जमेस धरूनही 2000–01 ते 2016–17 या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळालेला आधार त्याच्या एकूण शेती-उत्पन्नाच्या सरासरी उणे 14 टक्के भरला. ऑगस्ट 2025 मध्ये, सीतादहीची, म्हणजे हंगामातील पहिली, वेचणी तोंडावर असताना, कापसावरील 11 टक्के आयात शुल्क केंद्राने काढून घेतले आणि ही सूट नंतर डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली.